जयंतीच्या फोटोतली चार बोटे

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेमध्ये एका सद्गृहस्थाच्या अंतःकरणात मत्सराने प्रवेश कसा केला, त्या मत्सराने त्यांच्या हातून काय करविले, आणि विद्यापीठाच्या ज्या दालनात माणसांच्या आठवणी जतन केल्या जातात तेथे त्यांना कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले, याचे यथामती निरूपण करण्याचे योजिले आहे. कथा लंडनच्या दक्षिणेकडील क्रॉयडन येथील असून काळ सन दोन हजार सातचा आहे. सदर गृहस्थांचा उपहास करावा असा हेतू यत्किंचितही नाही. ज्याला मत्सर कधी शिवलाच नाही असा मनुष्य निदान आमच्या पाहण्यात आलेला नाही.

जगदीश मेश्राम हे मूळचे नागपूरचे. ऐन तारुण्यात ते विलायतेस आले, क्रॉयडनच्या बस गॅरेजात फिटर म्हणून लागले आणि तेथूनच सन्मानाने निवृत्त झाले. त्याच गॅरेजातून बस घेऊन निघणारा सेल्विन हा जमैका बेटावरचा ड्रायव्हर त्यांचा जिवलग मित्र झाला. दोघांचे जेवणाचे डबे एका बाकावर उघडत असत. जगदीशरावांच्या पत्नी कांताबाई यांनी केलेल्या वांग्याच्या भाजीवर सेल्विनचा इतका लोभ होता की तो दर रविवारी आमंत्रणाची वाट न पाहता मेश्रामांच्या दारात उभा राहत असे. पस्तीस वर्षांच्या या स्नेहाला दृष्ट लागली ती त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात.

विलायतेत ऑक्टोबर हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने लंडनच्या एका विद्यापीठाने आपल्या अभिलेखागारात, ज्याला तिकडे सगळे आर्काइव्ह म्हणतात, सेल्विनने दिलेल्या जुन्या चीजवस्तूंचा संग्रह लोकांसाठी खुला केला. समारंभाला सेल्विन मित्राला आग्रहाने घेऊन गेला.

जगदीशराव दालनभर फिरले. काचेच्या पेट्यांमधून मंद प्रकाशात सेल्विनचे आयुष्य मांडून ठेवले होते. त्याच्या बहिणीच्या केशकर्तनालयातील, तापवून केस सरळ करण्याचा लोखंडी कंगवा होता. चर्चमधल्या गाण्यांची पत्रके होती. शनिवारच्या नाचगाण्याची जाहिरात होती आणि तिच्यावर तळलेल्या माशाच्या तेलाचा भलामोठा डाग जसाच्या तसा होता! विद्यार्थी वह्या घेऊन त्या डागासमोर उभे राहून टिपणे काढत होते. मागच्या थंड खोलीत करड्या रंगाच्या पुठ्ठ्याच्या पेट्या ओळीने लावलेल्या होत्या आणि प्रत्येक पेटीवर सेल्विनचे नाव होते.

"काय जॅग, कसं वाटतं?" सेल्विनने विचारले. दोघे अर्थातच इंग्रजीत बोलत; येथे ते मराठीत दिले आहे.

"छान आहे," जगदीशराव म्हणाले. "पण तो डाग पुसता आला असता."

"अरे, डागासाठीच तर घेतलं त्यांनी ते!" सेल्विन खदाखदा हसला. "इथं काम करणाऱ्या पोरी म्हणतात, आमचे लोक तेव्हा काय खात होते, तेही इतिहासच आहे."

तेवढ्यात अभिलेखागाराच्या अधिकारी मिस योलांडा तेथे आल्या. त्या तरुण होत्या; त्यांचे आईवडीलही सेल्विनसारखेच बेटांवरून आलेले होते. त्या म्हणाल्या, "मिस्टर मेश्राम, सेल्विन सांगतात की पहिल्या आंबेडकर जयंतीचे फोटो तुमच्याकडे आहेत. ते आम्हाला हवे आहेत."

"आमचे?" जगदीशराव चपापले. "पण हा संग्रह तर तुमच्या लोकांचा."

"त्या काळी गोऱ्यांच्या लेखी आपण सगळेच काळे होतो की," सेल्विन मध्येच म्हणाला. "मोर्चात एकाच फलकामागे चाललो, शिव्याही त्याच खाल्ल्या. विसरलास?"

"अगदी बरोबर," मिस योलांडा म्हणाल्या. "तुमच्या नावाची वेगळी पेटी करू. फक्त एक विनंती आहे. काही करू नका. जसं आहे तसंच आणा."

वाचकहो, येथेच घात झाला. आपल्याकडे पाहुणा जेव्हा म्हणतो की, काही करू नका हं, आम्ही नुसतं भेटायला येतोय, तेव्हा शहाणी गृहिणी श्रीखंडाला चक्का बांधते. तसे न करणे म्हणजे पाहुण्याचा अपमान. जगदीशरावांनी मिस योलांडांचे शब्द त्याच चालीवर ऐकले. बाई सभ्य आहेत, संकोचाने तसे म्हणतात. आपण आपली रीत सोडता कामा नये, असा त्यांनी मनोमन निश्चय केला. आणि त्या निश्चयाच्या तळाशी दुसरेही काही जळत होते. सेल्विन तेलाच्या डागावर मोठा झाला. मग आमची चळवळ, आमची शिस्त, आमचे निळे झेंडे यांना किती मोठे स्थान मिळेल! त्याची पेटी आमच्या पेटीपुढे फिकी पडली पाहिजे.

घरी आल्यावर त्यांचे चहाकडे लक्ष नाही, जेवणाकडे लक्ष नाही, अशी अवस्था झाली.

"काऊन असे बसले जी?" कांताबाईंनी विचारले. "मित्राचा सत्कार झाला, तर तोंड का उतरलं?"

"तोंड कुठं उतरलं? मी विचार करतोय."

"कोणता?"

"त्याच्या बहिणीचा कंगवा काचेत ठेवलाय कांता. कंगवा! आणि आपण इथं विहार नव्हता तेव्हा भाड्याच्या खोलीत वंदना घेतली, पोरांना भाषणं शिकवली, ते सगळं बेडखालच्या सुटकेसमधी."

"मग कंगवा माझा बी आहे. द्या नेऊन," असे म्हणून कांताबाई पोळ्या लाटावयास गेल्या.

दुसऱ्या दिवशी सुटकेस बाहेर निघाली. फोटो निघाले, हाताने लिहिलेली पत्रके निघाली. कडा फाटलेल्या होत्या, कोपऱ्यांना बुरशी होती. जगदीशरावांनी ओल्या फडक्याने सारे पुसले. फोटोंच्या मागे पेन्सिलीने गिरवलेली नावे होती, ती अस्ताव्यस्त वाटली म्हणून खोडरबराने स्वच्छ केली. नंतर त्यांनी कडा कातरून सरळ केल्या, आणि सर्व चीजवस्तू वेस्ट क्रॉयडन स्टेशनाजवळच्या दुकानात लॅमिनेट करावयास नेण्याचे ठरविले.

हा लॅमिनेशनचा विचार काही उथळ नव्हता. नागपूरला त्यांच्या घरात कागद म्हणजे जीव होता. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, यांपैकी एक जरी भिजले तरी पोराची नोकरी गेली असे समजत. म्हणूनच लॅमिनेशनची सोय आली तेव्हा त्यांच्या भावाने घरातला एकूण एक कागद प्लास्टिकमध्ये घातला होता आणि मोठ्या अभिमानाने पत्राने कळविले होते की, आता आपल्याला कोणी पुसू शकणार नाही. अशा माणसाने आदर दाखवायचा तर दुसरा कसा दाखवावा?

परंतु कातर हातात असतानाच पहिल्या जयंतीचा फोटो पुढे आला.

तो एकुलता एक होता. निगेटिव्ह केव्हाच हरवले होते. सन त्र्याहत्तरच्या एप्रिल महिन्यात भारतीयांच्या एका मंडळाने जयंतीसाठी आपले सभागृह देण्याचे नाकारले होते. कारण सांगितले नव्हते, पण कारण सर्वांना ठाऊक होते. तेव्हा सेल्विनने आपल्या चर्चच्या वडीलधाऱ्यांशी भांडून चर्चचा हॉल मिळवून दिला, तोही फुकट. फोटोत बाबासाहेबांच्या तसबिरीभोवती सारी मंडळी उभी होती. उजव्या टोकाला तरुण जगदीश, आणि त्याच्याही पलीकडे, अगदी काठावर, हॉलच्या किल्ल्या गळ्यात अडकवून हसणारा सेल्विन.

जगदीशराव त्या हसऱ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांना वाटले, याचे दालन वेगळे, याच्या पेट्या वेगळ्या, याचा चेहरा विद्यापीठाच्या जाहिरातीवर. आता आमच्या जयंतीतही हाच पुढे येणार. पाहणारा आधी म्हणेल, अरे, हा तर सेल्विन! आणि मग आम्ही कोण? सेल्विनचे मित्र. आयुष्यभर जगदीश मेश्राम म्हणजे सेल्विनचा मित्र.

कातर चालली. सेल्विन टेबलावर पडला आणि तेथून बटाट्याच्या सालींबरोबर कचऱ्यात गेला.

मात्र एक अडचण उरली. फोटो काढतेवेळी सेल्विनने हात मित्राच्या खांद्यावर ठेवला होता. हात कापावा तर जगदीशरावांचा स्वतःचा खांदा जाणार. स्वतःचा खांदा कापण्याइतका मत्सर त्यांच्यात नव्हता. म्हणून खांद्यावर चार बोटे तशीच राहिली. कोण बघतोय, असे म्हणून ते दुकानात गेले.

संध्याकाळी सारे फोटो चकचकीत होऊन परत आले. ते पाहून कांताबाईंच्या तोंडून वाहवा निघाली. पण जयंतीचा फोटो हाती घेताच त्यांची बोटे थांबली.

"अहो, हे कोणी धरलंय तुम्हाला?"

जगदीशराव बाकीचे फोटो सरळ रचू लागले.

"सेल्विनभाऊ कुठं गेले?"

"काठ खराब झाला होता."

"काठ खराब झाला होता, की तुमची मती?" कांताबाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "त्या हॉलात मी शंभर माणसांची खीर शिजवली. चूल त्यांच्या चर्चची, भांडी त्यांच्या चर्चची. आता हे प्लास्टिक काढा आणि त्यांना परत चिकटवा."

"निघत नाही ते. गरम करून चिकटवतात."

"मग आता बसा," असे म्हणून त्यांनी फोटो पालथा ठेवला.

मिस योलांडांनी दिलेल्या भेटीचा दिवस उजाडला. एकट्याने जावे, चटकन फोटो द्यावेत आणि परतावे असा जगदीशरावांचा बेत होता. परंतु दारात सेल्विन हजर, इस्त्रीचा सूट घालून.

"तू कशाला?" जगदीशरावांच्या तोंडून निसटले.

"कशाला म्हणजे? माझ्या वेळी तू आला होतास. आज तुझा दिवस. टाय वाकडा आहे तुझा, थांब."

ट्राममध्ये आणि पुढे ट्रेनमध्ये सेल्विन अखंड बोलत होता. मिस योलांडा किती चांगल्या आहेत, पेट्या किती कोरड्या जागी ठेवतात, ब्रॅकनेल गावाहून आलेल्या शाळेच्या मुलांनी त्याला काय काय विचारले. जगदीशराव मांडीवरची बॅग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते.

वाचनकक्षात मिस योलांडांनी टेबलावर मऊ कापड अंथरले आणि हातमोजे घातले. पहिला फोटो बाहेर येताच त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू जिथल्या तिथे थांबले. त्यांनी दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. मग सावकाश हातमोजे उतरवून बाजूला ठेवले. प्लास्टिकला हातमोजे लागत नाहीत.

"हे सगळे असेच आहेत?"

"सगळे," जगदीशराव म्हणाले. "पाणी पडलं तरी काही होणार नाही."

"मिस्टर मेश्राम, मी म्हटलं होतं की काही करू नका."

"तुम्ही म्हटलं होतं. पण आमच्यात म्हणतात तसं. म्हटलं तरी आम्ही करतो."

मिस योलांडांना ते कळले असावे, कारण त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. त्या शांतपणे सांगू लागल्या की, हे प्लास्टिक आता निघणार नाही. काढावयास गेले तर फोटोचा वरचा थर त्याबरोबर येईल. आत कोंडलेला कागद हळूहळू पिवळा पडेल. आणि पाठीमागे खोडरबराच्या खुणा दिसतात तेथली नावे पुसली गेली, ती तर आता कशानेच परत येणार नाहीत. जगदीशरावांचे कान तापले. सेल्विनच्या तेलाच्या डागाला हातमोजे, आणि आपल्या स्वच्छतेला दूषण! त्यांना वाटले, नापास झालेल्या पोरासारखे आपण येथे उभे आहोत, आणि पहिला आलेला पोरगा शेजारीच बसला आहे.

"पण आम्ही घेऊ," मिस योलांडा पुढे म्हणाल्या. "माणसांनी आपला इतिहास कसा जपला, हाही इतिहास आहे. प्रत्येक फोटोत कोण आहे एवढं मला सांगा. मी लिहून घेते."

जगदीशराव सांगू लागले. हे लक्ष्मणराव, टपालखात्यात होते. ही कांता, हातात पळी आहे ती. हळूहळू त्यांचा आवाज सुटला, कान निवले. आणि मग जयंतीचा फोटो आला.

मिस योलांडांनी तो दिव्याखाली धरला. "हे तुम्ही ना? किती बारीक होतात! आणि हा हात कोणाचा?"

सेल्विन वाकून पाहत होता. त्याच्या मधल्या बोटाचे टोक वाकडे होते. बसच्या दारात सापडून एकदा मोडले होते. फोटोतही ते तसेच वाकडे होते. सेल्विनने आधी फोटोकडे पाहिले, मग स्वतःच्या हाताकडे, मग मित्राकडे.

"कोणीतरी पाहुणा," जगदीशराव म्हणाले. "आता आठवत नाही."

सेल्विन ताठ झाला. कोटाचे बटण लावीत म्हणाला, "मी जरा बाहेर उभा राहतो. इथं हवा कोंदट आहे."

दार बंद झाले. मिस योलांडांची पेन्सिल कागदावर टेकली होती.

"अनोळखी पाहुणा, असं लिहू?" त्यांनी विचारले. "तुम्ही सांगाल तेच राहील. शंभर वर्षांनी कोणी वाचेल, तेव्हा विचारायला तुम्ही नसाल."

वाचकहो, त्या क्षणी जगदीशरावांच्या मनात जे चालले होते त्याचे वर्णन करण्यास आमची लेखणी अपुरी आहे. तरी इतके सांगता येईल की त्यांना ते नाकारलेले सभागृह आठवले. तेथील मंडळींनी काही वाईट केले नव्हते, कोणाला मारले नव्हते. फक्त यादीतून नाव गाळले होते. कातर चालविण्याचे ते काम किती हलक्या हाताने होते, हे त्यांना आता स्वतःच्या बोटांवरून कळत होते.

"लिहू नका," ते म्हणाले. "हात सेल्विनचा आहे. हॉल त्यानेच मिळवून दिला. तो फोटोत होता. मी कापला."

"जुन्या काळी?"

"गेल्या महिन्यात." त्यांनी फोटो टेबलावर पालथा ठेवला. "तुमच्या त्या काचेच्या पेट्या पाहून आल्यावर. मला सहन झालं नाही."

मिस योलांडांनी पेन्सिल खाली ठेवली. "हे वर्णनात लिहावं लागेल. फोटो देणाऱ्याने स्वतः कापला, केव्हा आणि का. तुमच्या नावाखाली. ते संगणकावर जाईल, कोणालाही वाचता येईल. नको असेल तर हा एक फोटो तुम्ही घरी न्या. बाकीच्यांची पेटी तुमच्या नावाने होईलच. कोणी काही विचारणार नाही."

मोह मोठा होता. स्वच्छ नावाची स्वच्छ पेटी. परंतु त्या पेटीत पहिली जयंतीच नसेल; आणि जयंती गेली म्हणजे ती कोणी होऊ दिली, तेही गेले. जगदीशरावांनी त्या पालथ्या फोटोवर तळहात ठेवला, मग तो उचलून मिस योलांडांकडे सरकविला.

"लिहा. मत्सर हा शब्दसुद्धा लिहा. सेल्विनचं आडनाव मी सांगतो, चुकवू नका."

सही करून ते बाहेर आले. सेल्विन व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. जगदीशरावांनी उभ्यानेच सारे सांगितले, एकही शब्द न गाळता. कसा कापला, कुठे टाकला, कांता काय बोलली, आणि आता काय लिहिले गेले.

"बटाट्याच्या सालींबरोबर?" सेल्विनने विचारले.

"हो."

"मी त्या फोटोत चांगला दिसत होतो, जॅग. माझ्या आईला त्याची एक प्रत पाठवायची होती. तू म्हणायचास, देतो, देतो."

"माहीत आहे."

"तेव्हाही द्यायचा नव्हता का तुला?"

 कदाचित नव्हताच, जगदीशरावांच्या मनात आले; कदाचित हा मत्सर तेव्हापासूनचाच असेल.

"मी तुला इथं आणलं," सेल्विन म्हणाला. "त्या पोरीला सहा वेळा सांगितलं, माझ्या मित्राकडे बघा, माझ्या मित्राकडे बघा. आणि तू मला पाहुणा म्हणालास. कापलंस त्याचं एवढं नाही. पाहुणा!"

ट्रेनमध्ये दोघे समोरासमोर बसले, ट्राममध्ये मात्र सेल्विन पुढच्या डब्यात जाऊन बसला. जगदीशराव मागे उभे राहिले, बसावयास जागा असूनही. त्यांचा स्टॉप आला तेव्हा सेल्विन दाराशी आला.

"कांताला सांग, रविवारी मी येणार नाही."

"बरं. आणि त्याच्या पुढच्या रविवारी?"

"वांगं करणार असेल तर विचार करीन. तुझ्याशी बोलेन असं नाही."

"तुझं तू जेव," जगदीशराव म्हणाले.

ट्राम निघून गेली. जगदीशराव घराच्या दिशेने चालू लागले. मन हलके झाले होते खरे. पण थोडे अंतर गेल्यावर एक विचार येऊन त्यांना टोचू लागला. मेश्राम संग्रहात आता लोक सर्वात आधी काय शोधतील? ते लक्ष्मणरावांना शोधणार नाहीत, कांताबाईंच्या पळीला नाही, मेश्रामांना तर नाहीच. जो फोटोत नाही त्यालाच शोधतील. आपल्या स्वतःच्या पेटीतही शेवटी सेल्विनच पुढे निघाला! जगदीशरावांना त्याचा खरोखर राग आला, आणि त्या रागाचे इतके हसू आले की समोरून येणाऱ्या बाईंनी त्यांना वाट करून दिली.

ही कथा येथे संपते. शिक्षण अल्प असल्याने भाषेत काही उणे राहिले असल्यास वाचकांनी उदार मनाने क्षमा करावी. आपण वेळ काढून एवढे वाचलेत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
शशिधर मोतीराम घरडे
क्रॉयडन